मदत हवी आहे : लक्ष लागायला गोळी कुठली? सबमिशन सोमवारी

चाळणी
सरळ विचारतो. लक्ष लागायला कुठली गोळी घेतात? सोमवारी सबमिशन आणि जर्नलची सात प्रॅक्टिकल लिहायची बाकी. पेन उघडून बसतो, तासाने बघतो तर समासात नुसत्या चौकटी काढलेल्या. मोबाइल बाजूला ठेव हे सांगू नका, ठेवून झालंय. लवकर सांगा.

शेंगाचटणी
कुठला कोर्स, वय किती, कधीपासून? काहीच लिहिलं नाहीस बे.

विजापूर_रोड
मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आधी.

चाळणी
वाचलं तरी का वर?

निवृत्त_मास्तर
आम्ही यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास केला. हे एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याचा आजार वगैरे, हल्लीचं खूळ. पहाटे उठून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालून ये, ब्राह्मी घे.

रातपाळी
मास्तर, हल्लीचं कसलं? लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरने १९०२ मध्येच अशा मुलांवर व्याख्यानं दिलीत. माझं निदान तेविसाव्या वर्षी झालं, तोवर घरात 'आळशी' हेच नाव होतं.

चाळणी, एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मित्राकडची तर घेऊच नको. दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन, त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, तुझा सोमवार त्यात बसत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का, घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे होतं का, हे विचारतील. झोप, थायरॉइड, नैराश्य पण तपासतील. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर घेऊन जा.

निवृत्त_मास्तर
गोळ्यांची सवय लागते. मग बोंबला.

रातपाळी
तुम्ही घेतल्यात का कधी?

शेंगाचटणी
भांडू नका ओ. पोरगा कुठे गेला?

चाळणी
बीएस्सी एसवाय, वय २०. चौथीच्या प्रगतिपुस्तकावर बाईंचा शेरा आहे, 'हुशार, पण खिडकीबाहेर बघतो'. तेव्हा घरात सगळे हसले होते.

खरं सांगू का, जर्नलचं एवढं नाही. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं. मंगळवारी आईने मोटार बंद करायला सांगितलं होतं. मी 'हो' म्हणालो. टाकी भरून पाणी जिन्यावरून शेजारच्यांच्या दारात गेलं. आई ओरडली नाही, गुपचूप पोतं घेऊन पुसत बसली. मी गच्चीवर जाऊन दोन तास रडलो. एका मोटारीसाठी! आणि सरांचा मेसेज येऊन अकरा दिवस झालेत, उघडलाच नाही. नाव दिसलं तरी पोटात गोळा येतो.

विजापूर_रोड
मोटारीला फ्लोट स्विच बसव. टाकी भरली की आपोआप बंद. आम्ही दोन वर्षं वापरतोय, एक नंबर.

रातपाळी
स्विच राहू दे हो. चाळणी, हे अकरा दिवसांचं तू आधी लिहायला हवं होतंस. विसरणं एक, आणि विसरल्याची लाज वाटून पुढचं काम टाळणं दुसरं. माझा एक अख्खा सेमिस्टर या दुसऱ्यातच गेला. लक्ष नव्हतं म्हणून दोन विषय राहिले आणि तोंड दाखवायची भीती म्हणून चार. भावना अशा एकदम उसळणं एडीएचडीच्या निदानाच्या निकषांत नाही, पण आमच्यासारख्यांत खूप दिसतं. डॉक्टरांना मोटारीचं सांग, नुसतं 'लक्ष लागत नाही' म्हणू नको. त्याआधी फारच जड झालं तर १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलतात.

आणि मेसेज आत्ता उघड. कुणाला तरी शेजारी बसवून.

निवृत्त_मास्तर
मीही बत्तीस वर्षं शिकवलं. 'लक्ष नाही' असे शेरे मीही पुष्कळ मारलेत. बाळा, सरांना भेट. फार तर रागावतील.

चाळणी
ताईला बसवून उघडला. 'तब्येत बरी आहे ना? जर्नल घेऊन ये', एवढंच आहे. सकाळी जातोय. सातपैकी एक प्रॅक्टिकल झालं, ताई समोर बसली होती म्हणून. डॉक्टरचं आईशी बोलायचंय, ते कसं बोलू कळत नाही.

शेंगाचटणी
प्रगतिपुस्तक समोर ठेव आणि बोल.

विजापूर_रोड
फ्लोट स्विच घेताना वायरची लांबी बघून घे रे. आमची कमी पडली होती.