शब्दचर्चा : तेलताडाच्या फळातला 'गर' की 'मगज'?

पंचगंगाकाठ : पशुखाद्यावरची एक पुस्तिका मराठीत करतोय. वाचणारे कोल्हापूरचे, करवीर-कागलकडचे दूध उत्पादक. तेलताडाच्या (ऑइल पाम, ज्याच्या फळातून पामतेल काढतात) ड्युरा, टेनेरा, पिसिफेरा या 'जातीं'च्या बियांत स्निग्धांश आणि प्रथिने किती, असा तक्ता आहे. आतल्या दाण्याला मी 'गर' लिहिलंय. चालेल ना?

आजरेकर : नको. आमच्याकडे काजूगर म्हणजे कवचातला दाणा, पण आंब्याचा गर बाठ्याच्या बाहेरचा. तेलताडात दोन्हीकडे तेल, आणि तेलं निराळी. बाहेरच्या मांसल भागाचं ते नेहमीचं पामतेल, त्यात पामिटिक आम्ल (तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी एक) ४४ टक्क्यांच्या आसपास. आतल्या दाण्याच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, हे दुसरं स्निग्धाम्ल, म्हणजे ते खोबरेलाच्या कुळातलं. 'गर' वाचून कुणी दोन्हींचे आकडे एकत्र केले की तक्त्याचं वाटोळं. 'मगज' लिहा. कलिंगडाच्या बियांचा मगज किराणा दुकानात मिळतो, शब्द कानावरचा आहे. (मटणवाल्याकडे मगज म्हणजे भेजा, मान्य. पण झाडाला भेजा कोण शोधणार?)

सरकीपेंड : मला 'जाती' खटकतंय. तिन्ही एकाच जातीची, एलेइस गिनीन्सिसची झाडं, फरक कवचाचा. ड्युराचं कवच जाड, २ ते ८ मिमी. पिसिफेराला ते जवळजवळ नसतंच. दोघांच्या संकरातून पातळ कवचाचा टेनेरा. बागेत लावतात तो हाच, कारण मांसल भाग जास्त मिळतो. 'फळप्रकार' म्हणा. आणि टक्के कशाचे ते लिहा हो! ड्युराचा मगज सहसा मोठा, म्हणून त्यात तेलाचे टक्केही जास्त असं ठरत नाही.

पंचगंगाकाठ : बरं. 'क्रूड प्रोटीन'ला 'कच्ची प्रथिने' केलंय.

सरकीपेंड : मग गवळी विचारेल, शिजवायची का? यात नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात, आणि सगळा नायट्रोजन प्रथिनांतलाच असतो असं नाही. पोत्यावर 'क्रूड प्रोटीन' छापलेलं असतं, तेच राहू दे.

आजरेकर : मगज आणि पेंड यांचेही आकडे मिसळू नका. मगजात साधारण निम्मं तेल. ते काढल्यावर उरलेल्या पेंडीत क्रूड प्रोटीन १४ ते १८ टक्के, तंतू भरपूर. शेंगदाणा पेंडीत हेच ४० च्या वर. नुसतं 'पेंड' दिसलं की इकडचा माणूस शेंगदाणा नाहीतर सरकी धरतो, तेव्हा दर वेळी 'तेलताड-मगजाची पेंड' असं पूर्ण लिहा, लांबलं तरी.