मदत हवी आहे: आईचं 'अंग बाहेर येण्या'चं ऑपरेशन, किती वर्षं टिकतं?

अंजीरबाग
आई ६१ वर्षांची, सासवडजवळ राहते. तीन बाळंतपणं, तिन्ही घरीच. दोन वर्षांपासून अंग बाहेर येतंय. सकाळी कमी असतं, संध्याकाळपर्यंत लिंबाएवढं होतं. लघवी अडकते, गोळा बोटाने आत सारला की मोकळी होते. पुण्यात दाखवलं. तिसरी पायरी आहे, मूत्राशय आणि गर्भपिशवी दोन्ही उतरलेत असं सांगितलं. कागदावर लिहिलंय: खालून पिशवी काढणे आणि पुढची भिंत शिवणे. साखरेची आणि बीपीची गोळी चालू आहे, सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे.
एकदा ऑपरेशन केलं की कायमचं मिटतं का? आधाराला कृत्रिम धाग्यांची जाळी बसवावी का? नंतर शेतातलं काम जमेल का?

टाकेवाली
त्या कागदावर एक ओळ कमी आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: पिशवी काढल्यावर योनीचा वरचा शेंडा कशाला बांधणार?
पिशवी उतरली कारण तिला धरून ठेवणारे बंध आणि खालचे स्नायू ढिले पडले. झोळीची दोरी सैल झाली म्हणून झोळीतलं सामान काढलं, तरी दोरी सैलच राहते. नुसती पिशवी काढून भिंत शिवली तर काही वर्षांनी तोच शेंडा उलटा होऊन खाली येऊ शकतो. पुढची भिंत पुन्हा उतरण्यामागेही बरेचदा वरचा आधार नसणं हेच कारण असतं.
खालच्या वाटेने बांधायच्या दोन जागा नेहमीच्या. एक, सॅक्रोस्पायनस बंध, म्हणजे ओटीपोटाच्या मागच्या हाडांमधला मजबूत पट्टा, बहुधा उजव्या बाजूचा. यात त्या बाजूचं ढुंगण दुखतं, ते साधारण सहा आठवड्यांत ओसरतं. पण भूल उतरताच पायात विजेसारखी कळ जात असेल तर नस टाक्यात आलेली असू शकते. तेव्हा थांबायचं नाही, टाका लवकर सोडवावा लागतो. शिवाय योनी मागच्या बाजूला ओढली जाते, म्हणून दाब पुढच्या भिंतीवर येतो आणि मूत्राशय पुन्हा उतरण्याची शक्यता राहते. दुसरी जागा युटेरोसॅक्रल बंध, म्हणजे पिशवीला मागच्या हाडाकडे धरून ठेवणारा. तिथे मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) अगदी शेजारून जाते आणि टाक्याने मुरडू शकते. म्हणून टेबलावरच दुर्बिणीने दोन्ही बाजूंनी लघवी येते का ते बघतात. हे बघणार का, तेही विचारा.
टिकण्याबद्दल: अमेरिकेत या दोन पद्धतींची तुलना झाली, पाच वर्षांचे निकाल २०१८ साली आले. 'अपयश' युटेरोसॅक्रलमध्ये ६१.५ टक्के, सॅक्रोस्पायनसमध्ये ७०.३ टक्के. आकडा बघून घाबरू नका, मोजमाप कडक होतं. तपासणीत भिंत ठरावीक रेषेच्या खाली दिसली तरी अपयश, मग बाईला त्रास असो वा नसो. गोळ्याचा त्रास पुन्हा जाणवला अशा साधारण दहात चार. पुन्हा उपचार घेतलेल्या मात्र अनुक्रमे सुमारे १२ आणि ८ टक्के. 'कायमचं मिटतं' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही, आणि 'काही उपयोग नाही' हेही खरं नाही.

काचेची_बरणी
जाळीचं: योनीतून बसवायची आणि पोटातून बसवायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक गल्लत करतात.
योनीतून बसवायच्या जाळ्या अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून काढायला लावल्या, ब्रिटनने २०१८ मध्येच वापर थांबवला होता. जाळी भिंतीतून बाहेर डोकावणं, संबंधाच्या वेळी दुखणं, पुन्हा काढायला अवघड. पहिल्याच ऑपरेशनला ती सुचवली तर कारण विचारा.
पोटातून, म्हणजे दुर्बिणीने किंवा पोट उघडून, शेंडा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जाळीने बांधतात ते सॅक्रोकॉल्पोपेक्सी. शेंड्याचा आधार यात जास्त टिकतो. पण सात वर्षांच्या पाठपुराव्यात (२०१३) जाळी किंवा टाके बाहेर येण्याचा अंदाज १०.५ टक्के निघाला, आणि तिथेही सगळ्यांचं टिकलं नव्हतं. ऑपरेशनचा वेळ जास्त, भूल पूर्ण.
पिशवी ठेवूनही बांधता येते. मुंबईचे डॉक्टर शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या पद्धती त्याच विचाराच्या, पण त्या मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी.

उंबरठा
ऑपरेशनआधी पेसरी बसवून बघितली का? गोळा आतून वर धरून ठेवणारी सिलिकॉनची कडी, मापं वेगवेगळी असतात. बसवल्यावर बाईंना खोकायला, उकिडवं बसायला, लघवीला जायला सांगतात. कडेने बोट फिरलं पाहिजे आणि कडी पडता कामा नये. पहिली तपासणी दोन आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी काढून धुवायची. विसरली तर आत जखम होते, म्हणून गावी राहणाऱ्या बाईची तारीख घरातल्या कुणीतरी कॅलेंडरवर लिहायची.
दुसरं, खोकला. बीपीची गोळी 'प्रिल'ने संपणारी आहे का, एनालाप्रिल, रॅमिप्रिल? त्याने कोरडा खोकला येऊ शकतो. स्वतःहून बंद करू नका, फिजिशियनकडून बदलून घ्या. खोकला तसाच ठेवून शिवलं तर प्रत्येक उबळीला टाक्यांवर ताण.

अंजीरबाग
गोळी एनालाप्रिलच आहे! एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९ आला. बाहेर आलेल्या भागावर रुपयाएवढी जखम आहे, हे सांगायचं राहिलं. शेंडा बांधण्याबद्दल आज फोनवर विचारलं, "गरज पडली तर बघू" म्हणाले.

टाकेवाली
तिसऱ्या पायरीला हे आधी ठरायला हवं, टेबलावर नाही. दुसरं मत घ्या. ससूनच्या स्त्रीरोग ओपीडीत किंवा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात दाखवलं तर हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.
जखम आधी भरायची. भाग आत सारून ग्लिसरीन-अॅक्रिफ्लेविनचा पॅक ठेवतात, रोज बदलतात, एक-दोन आठवड्यांत फरक दिसतो. भरत नसेल तर तुकडा तपासणीला. ऑपरेशनची घाई नाही, एचबीएवनसी ८ च्या खाली आणा. तोवर पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठीची तपासणी), पिशवीच्या अस्तराची आणि दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी करून घ्या, कारण एवढं उतरलं की मूत्रवाहिनी वाकून किडनी फुगू शकते. लघवीनंतर आत किती उरते तेही मोजा.
आणि गोळा आत धरून खोकायला लावा. तेव्हा लघवी निसटली तर ऑपरेशननंतर गळती सुरू होऊ शकते; आत्ता बाहेर आलेल्या गोळ्यानेच मूत्रमार्ग दाबून धरला आहे. आधी सांगितलं नाही तर घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडलं.

उंबरठा
नंतरचं. ऑपरेशनवेळी योनीत ठेवलेला पॅक बहुधा दुसऱ्या दिवशी निघतो, लघवीची नळी एक-दोन दिवसांनी. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही तर लगेच सांगायचं. पांढरट स्राव चार ते सहा आठवडे चालतो, टाके विरघळत असतात. वास, ताप, कुशीत दुखणं, तासाला एक पॅड भिजणं किंवा एका पोटरीला सूज, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.
सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नाही. भरलेली बादलीच १५ ते २० किलो होते, भरला सिलिंडर जवळजवळ ३०. खुरपणी, उकिडवं बसणं बंद. संडासाला खुर्चीचा कमोड. रोज रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, कुंथणं नको. एसटीने दिवेघाटातून लगेच नेऊ नका, पहिले काही दिवस पुण्यातच ठेवा.
ओटीपोटाचे व्यायाम चांगले, पण त्याच अमेरिकी अभ्यासात ऑपरेशनच्या आगेमागे ते शिकवून निकालात फरक दिसला नाही. शेतावर जाता येईल, पण डोक्यावरचे भारे पुन्हा नकोत.

अंजीरबाग
गोळी उद्याच बदलून घेते. जखमेचा पॅक गावी घरी बदलता येतो का, की रोज पुण्याला यावं लागेल?

टाकेवाली
पहिले दोन-तीन पॅक डॉक्टर किंवा नर्सकडून. त्यांनी दाखवून दिलं तर पुढे गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून होतं. साखर वाढलेली असताना घरी नको.