लेबल १६ बाइटांत बसतंय ना?

एका मशीनवर एकाहून जास्त लिनक्स असतील तर 'प्रत्येक लिनक्सच्या रूटला (सिस्टीम असलेल्या मुख्य पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागाला) वेगळं लेबल, म्हणजे नाव, द्या' हा सल्ला अगदी बरोबर. फक्त ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) हिचं लेबल १६ बाइटांचंच असतं, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, उकार-अनुस्वारासकट, ३ बाइट खातं. नुसतं 'मुंबई' म्हणजे १५! 'मुंबई-घर' आणि 'मुंबई-ऑफिस' दिलंत तर ई२लेबल (लेबल देणारी कमांड) इशारा देऊन दोन्ही 'मुंबई-'वर कापतं. मग बाय-लेबल (जिथे लिनक्स लेबलच्या नावाने पार्टिशनच्या लिंक ठेवतं) फोल्डरात लिंक एकाचीच उरते, आणि एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) लेबल लिहिलं असेल तर भलतंच पार्टिशन माउंट होऊ, म्हणजे जोडलं जाऊ, शकतं. म्हणून लेबल रोमन लिपीत, छोटं, आणि फरक पहिल्या अक्षरातच. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमला तर १२ बाइटच मिळतात.

डिस्क डीडीने (जशीच्या तशी कॉपी करणाऱ्या कमांडने) क्लोन केली असेल तर यूयूआयडीही (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) तोच येतो, तोही बदला. आणि एफस्टॅब दुरुस्त केल्याशिवाय रीबूट नको.