जठराची जुनी सूज: पथ्याच्या जोडीला तपासणी हवीच

थंड दूध आणि ज्येष्ठमधाने जठराची जुनी सूज महिनाभरात जाते, असं एका पोस्टमध्ये वाचलं, म्हणून थोडी भर घालते. दुधाने जळजळ तेवढ्यापुरती शमते, पण त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे जठर पुन्हा आम्ल सोडतं. ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं; बीपीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

मुळात सूज कशाने आलीय ते बघा. पुष्कळदा मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, नाहीतर सांधेदुखीच्या गोळ्या. या जंतूच्या शोधासाठीच मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं. तो पथ्याने मरत नाही, अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरा करावा लागतो. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो कळतो. मात्र त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

पथ्याने आराम पडतो, हे खरंच. माझ्या आईला गुरगुट्या भात, हिंग-जिऱ्याचं मुगाचं पातळ वरण, वर चमचाभर तूप आणि वाफवलेला दुधी छान मानवला. तिखटापेक्षा उपाशीपोटीचा चहा आणि रात्री उशिराचं जेवण तिला जास्त बाधायचं. प्रत्येकाचं वेगळं असतं, चार दिवस लिहून ठेवलं की कळतं.

शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर काढे बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.