एसएनपी दिलं तरी बँड तसाच: टॅग चुकला की औषध?

रोपट्रे_नाशिक: पिंपळगावच्या रोपवाटिकेतली टोमॅटोची २१ दिवसांची रोपं आहेत. आरएपी२.१२ (ऑक्सिजन कमी पडल्यावर कामाला लागणारं झाडाचं प्रथिन) च्या पुढे जीएफपी (चमकणारं प्रथिन, ओळखीचा टॅग) जोडून अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूमार्फत पानात सोडलंय. १०० मायक्रोमोलर एसएनपी (सोडियम नायट्रोप्रुसाइड, नायट्रिक ऑक्साइड सोडणारं औषध) ३ तास दिलं, पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) बँड कंट्रोलइतकाच. एमजी-१३२ (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, म्हणजे प्रोटिओसोम, अडवणारं औषध) दिल्यावरही तोच. नायट्रिक ऑक्साइडने हे प्रथिन तुटायला हवं ना?

सिस्टीन२: जीएफपी पुढे आहे, हीच गोम. या प्रथिनाची सुरुवात मेथिओनिन-सिस्टीन या अमिनो आम्लांनी होते. पेशी मेथिओनिन छाटते, उघडा पडलेला सिस्टीन ऑक्सिडाइज होतो, त्यावर आर्जिनिन हे आणखी एक अमिनो आम्ल चढतं, मग पीआरटी६ हे एन्झाइम ते ओळखून युबिक्विटिन (तोडायची खूण) लावतं आणि प्रोटिओसोम फडशा पाडतो. ऑक्सिजन किंवा नायट्रिक ऑक्साइड, दोन्हींतलं एक कमी पडलं तरी गाडी अडते. तुमचा सिस्टीन जीएफपीमागे दडलाय. तुटतच नाही, तर एमजी-१३२ वाचवणार काय? टॅग शेवटी न्या. दुसऱ्या जागी सिस्टीनऐवजी अ‍ॅलानिन असलेला क्लोनही सोबत हवा. तो टिकलाच पाहिजे.

गडद_बाटली: क्लोन बदललात तरी नुसत्या एसएनपीवर विसंबू नका, ते उजेडात सायनाइडही सोडतं. ३० मिलिग्रॅम १ मिली पाण्यात म्हणजे साधारण १०० मिलिमोलर. त्यातले १०० मायक्रोलिटर १०० मिलीला. रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा, निळसर दिसलं की ओता. खरी पडताळणी जीएसएनओने (नायट्रिक ऑक्साइड सोडणारं ग्लुटाथायोनचं संयुग), कंट्रोलला तितकंच ग्लुटाथायोन. उलट बाजूने सीपीटीआयओ (नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणारं रसायन) २०० मायक्रोमोलर: बँड वाढायला हवा.
एमजी-१३२ चा १० मिलिमोलर स्टॉक डीएमएसओ या द्रावकात असेल, तर ५० मायक्रोमोलरला ०.५ टक्के डीएमएसओ जातं. कंट्रोलमध्येही तेवढंच घाला, हे हटकून विसरलं जातं.
आणि रोपवाटिकेत १९:१९:१९ खत पडलेलं असतं. त्यातल्या नायट्रेटपासून झाड स्वतःच नायट्रिक ऑक्साइड बनवतं. सगळ्या ट्रेंना आठवडाभर एकच खत द्या.

रोपट्रे_नाशिक: क्लोन नव्याने करतो. परतीच्या पावसात निफाडकडे काळ्या रानात पाणी साचतं, तेव्हा झाडाच्या मुळांमध्ये हेच घडतं का?

सिस्टीन२: अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात २०१९ साली दिसलं ते असं: पाण्याखाली इथिलीन हा झाडाचा वायुरूप हार्मोन बाहेर पडू शकत नाही, साठतो. त्याने फायटोग्लोबिन हे प्रथिन वाढतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड टिपून घेतं. म्हणजे ऑक्सिजन संपण्याआधीच ही प्रथिनं टिकू लागतात. म्हणून कुंडी बुडवलीत तर नमुने पहिल्या ४ तासांतही घ्या. फक्त २४ तासांनी घेतलेत तर इथिलीनचा परिणाम कुठला आणि ऑक्सिजनचा कुठला, वेगळं काढता येणार नाही.