शहर वाढताना रस्त्यांची जोडणी घटते का, हे मोजायचं कसं?

नकाशावेडा: ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या, लोकांनी बनवलेल्या नकाशावरून एका शहराचं रस्त्यांचं जाळं उतरवलंय. पूर्ण शहराची सरासरी जोडणी, म्हणजे दर नोडला (रस्ते मिळतात किंवा संपतात त्या बिंदूला) किती फाटे फुटतात ते काढलं, तर दशकागणिक आकडा हलतच नाही. कडेच्या वसाहतींत मात्र बंद गल्ल्या ढीगभर दिसतात. चुकतंय कुठे?

तिठा: साठा (आजवरचे सगळे रस्ते) नको, भर (त्या-त्या काळात नव्याने पडलेले रस्ते) मोजा. रस्ता एकदा आखला की दोन्ही बाजूंची मालकी आणि बांधकामं त्याला जखडून टाकतात, म्हणून जुना गाभा सरासरी धरून ठेवतो. जीएचएसएल या जगभरच्या वस्त्यांच्या उपग्रही माहितीसंचातले बांधीव क्षेत्राचे रास्टर (चौकोनी घरांत मांडलेले नकाशे) घ्या. प्रत्येक नोडला त्याची जागा पहिल्यांदा बांधीव दिसली तो टप्पा द्या आणि टप्प्यागणिक सरासरी काढा. यातली खरी निरीक्षणं १९७५, १९९०, २०००, २०१४ आणि २०१८ची. मधली वर्षं गणिताने भरलेली आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवरची नोंदीची तारीख अजिबात वापरू नका. ती रस्ता नकाशावर काढल्याची असते, बांधल्याची नव्हे.

चौकट: त्याआधी जाळं साफ करा. वळणावरचे दोनच फाटे असलेले नोड काढून टाका, नाहीतर सरासरी २कडे ओढली जाते. दुभाजक असलेल्या रस्त्यांचा एक चौक चार नोडांचा दिसतो; १०-१५ मीटरच्या आतले नोड एकत्र करा. हद्दीवर जाळं कापलं की खोट्या बंद गल्ल्या तयार होतात, म्हणून किलोमीटरभर जास्तीचं क्षेत्र उतरवा, फाटे मोजा आणि मगच कापा. पायवाटा वेगळ्या मोजा. गाडीला बंद असलेली गल्ली पायी जाणाऱ्याला खुली असू शकते, आणि हा फरक फार मोलाचा आहे.

नकाशावेडा: आणि आकडा वाचायचा कसा?

तिठा: समजा १०० नोड आहेत: ३० बंद टोकं, ६० तिठे, १० चौक. एकूण फाटे ३० + १८० + ४० = २५०, सरासरी २.५. सगळे रस्ते काटकोनात छेदणाऱ्या शुद्ध चौकटीच्या आखणीत ती ४ असते. आता २० बंद टोकं दोन-दोन करून १० तुकड्यांनी जोडा. ती टोकं उरत नाहीत. ८० नोड, २३० फाटे, सरासरी जवळजवळ २.९. दहा छोट्या जोडण्यांत एवढा फरक! पण घरं उभी राहिल्यावर तेवढीच जागा मिळवणं महाकठीण. म्हणून आराखडा मंजूर करतानाच प्रत्येक वसाहतीचे रस्ते शेजारच्या मोकळ्या जमिनीच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडायला लावावेत.

चौकट: कल उलटूही शकतो. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांच्या २०१५च्या अभ्यासानुसार अमेरिकेत नव्या रस्त्यांचा विस्कळीतपणा (म्हणजे जोडणीचा अभाव) १९९०च्या दशकाच्या मध्याला कळसाला पोचला आणि मग उतरू लागला. एकूण साठ्याच्या सरासरीत हे वळण उशिरा आणि फार पुसट उमटतं.