चकव्यासारख्या अनुभवांचा अभ्यास विद्यापीठाने करावा का?

गिरगावकर: कोकणातून मुंबईत आलेल्या आमच्या आधीच्या पिढीकडे चकवा लागल्याच्या कितीतरी हकिकती होत्या. रात्री ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस कितीही चालला तरी फिरून त्याच झाडाखाली येई. सांगणारी माणसे खोटारडी नव्हती. अशा अनुभवांची स्थळ, वेळ, उजेड आणि सोबत यांसह पद्धतशीर नोंद मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठाने करावी, असे मला मनापासून वाटते. लंडनमध्ये १८८२ साली याच हेतूने ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली होती.

दादरकर: माझा विरोध आहे. १९३० च्या दशकात ड्यूक विद्यापीठात जोसेफ ऱ्हाईन यांनी न पाहता पत्ते ओळखण्याचे प्रयोग केले. पाच चिन्हांचे २५ पत्ते असल्याने निव्वळ अंदाजाने सरासरी ५ बरोबर येतात. ऱ्हाईन यांना त्याहून अधिक यश दिसले, पण इतरांनी कडक नियंत्रणाखाली तेच करून पाहिले तेव्हा ते टिकले नाही. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधून मारणे हा गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याला २०१३ मध्ये करावा लागला. अशा समाजात विद्यापीठाचा शिक्का प्रथम मांत्रिकच वापरतील.

गिरगावकर: मांत्रिकाची भीती रास्त आहे, पण मौनाने त्याचेच फावते. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत असेतो ती बरीचशी सरळ चालली. ढग आल्यावर मात्र नकळत वळत, कित्येकदा स्वतःचीच वाट ओलांडत राहिली. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांचा अनुभव खरा होता, त्याचे लावलेले कारण चुकीचे होते.

परळकर: याला एक जोड देते. झोपेतून जाग येते, अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. स्वप्नावस्थेतील स्नायूंची शिथिलता जागे झाल्यावरही क्षणभर टिकल्याने असे होते. हे ठाऊक नसलेल्या घरात मुलीला डॉक्टरआधी देवऋष्याकडे नेतात, म्हणून नोंदी हव्यातच आणि त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हव्यात.

दादरकर: मग हे काम मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान विभागांतच व्हावे. अतींद्रियांचा स्वतंत्र विभाग मला अजूनही मान्य नाही.

गिरगावकर: विभाग कोणताही चालेल. मात्र ज्या नोंदींचे कारण सापडणार नाही, त्या ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारून जपून ठेवाव्यात, एवढा माझा आग्रह कायम आहे.